कागदाच्या थरांतून नवताल मूर्ती, आत खरं शरीर: गोव्याच्या पावसात टिकवायची कशी?

सीटीवाली_माशेल

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट विचारला तर उत्तरंही अर्धवट येतील, म्हणून सगळं सांगते.

मी माशेलची. ३१ वर्षं सीटी स्कॅनच्या खोलीत काम केलं, गेल्या वर्षी निवृत्त झाले. माहेरी गणपतीची चित्रशाळा. आषाढ लागला की ओसरीभर चिकणमाती पसरायची आणि आम्ही भावंडं माळ्यावर झोपायला जायचो. बाबा मातीचा गोळा तारेनं कापायचे. कापलेल्या तोंडावरून त्यांना कळायचं की मळणी नीट झाली आहे का, आत हवा राहिली आहे का, खडा आहे का. शेवटच्या आजारात त्यांच्या छातीचा स्कॅन मीच काढला. नंतर स्क्रीनवर एकेक काप पुढे सरकवत त्यांना दाखवत होते, तर म्हणाले, "ही तर तारेनं कापलेली माती." मग बराच वेळ बघत राहिले आणि विचारलं, "एवढं सगळं आत असतं, मग साच्यातली मूर्ती आपण आतून रिकामी का ठेवतो?"

मला उत्तर देता आलं नाही. तो प्रश्न माझ्याजवळ राहिला.

आता वेळ आहे, तर एक मूर्ती करायची आहे. बाहेरून शिल्पशास्त्रातली नवताल, म्हणजे चेहऱ्याच्या नऊपट उंचीची, स्त्रीमूर्ती, त्रिभंगात उभी, म्हणजे मान, कंबर आणि गुडघ्यात वळलेली. आतून शरीर जसं असतं तसं: हाडं, फुप्फुसं, हृदय, आतडी, सगळं आपापल्या जागी. आणि ती कागदाची. कारण सीटी म्हणजे शेवटी पानंच. १ ऑक्टोबर १९७१ ला विम्बल्डनच्या इस्पितळात पहिल्या रुग्णाचं डोकं स्कॅन झालं, तेव्हा एका कापाचं चित्र ८० गुणिले ८० चौकटींचं होतं. हे तंत्र शोधणाऱ्या हाउन्सफील्ड आणि कॉरमॅक यांना त्यासाठी १९७९ चं नोबेल मिळालं. यंत्रं कितीही बदलली तरी आम्ही शरीर पान उलटल्यासारखंच वाचतो.

माझा हिशेब असा. नवतालात उंची ९ ताल, एक ताल १२ अंगुळं, म्हणजे १०८ अंगुळं. मूर्ती ५४ सेंटीमीटरची धरली तर अंगुळ बरोबर ५ मिलिमीटर. ८० जीएसएमच्या, म्हणजे नेहमीच्या छपाईच्या, ५०० कागदांचं रीम साधारण ५ सेंटीमीटर जाड भरतं, म्हणजे एका अंगुळाला ५० कागद. पूर्ण मूर्तीला ५,४००. हा आकडा निघाला त्या रात्री मला झोप लागली नाही. अंगुळ मोजायचं तर कागद मोजायचे, एवढं सरळ! आणि सीटीचा नेहमीचा काप ५ मिलिमीटरचाच असतो. एक काप, एक अंगुळ.

कागदाचं काम पूर्वी केलेलं नाही असं नाही. नरकासुराच्या मुखवट्यांना आम्ही खळीनं वर्तमानपत्रं लावायचो. पण तिथं वरचं कातडंच करायचं असतं. मला पाहिजे तसं काम परदेशात कुणी कुणी केलं आहे. बीजिंगचा ली होंगबो हजारो कागद पट्ट्यापट्ट्यांनी चिकटवतो, त्या गठ्ठ्यातून चित्रकलेचे विद्यार्थी ज्यांच्यावर हात बसवतात तसले ग्रीक धाटणीचे अर्धपुतळे कोरतो, आणि मग तो पुतळा ओढला की मधमाश्यांच्या पोळ्यासारखा उलगडत लांब होतो. नाताळात आपल्याकडे कागदी घंटा उघडून टांगतात, तीच युक्ती. अमेरिकेतली लिसा निल्सन कागदाच्या पट्ट्या गुंडाळून शरीराचे आडवे छेद करते, जपानी तुतीच्या कागदाचे आणि जुन्या पुस्तकांच्या सोनेरी कडांचे. तिचं काम पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कौतुक करायच्या आधी मी पातळी ओळखली. सवयच ती. छेद बरोबर होता, आणि इतकं सुंदर यकृत मी ३१ वर्षांत पाहिलं नव्हतं.

तर मी मे महिन्यात सराव म्हणून एक हात केला. मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत ६ सेंटीमीटर, ६०० कागद. प्रत्येक कापून, पांढरा गोंद पाण्यात सैल करून एकावर एक चिकटवला. जून उजाडला आणि थर लाटांसारखे वर-खाली झाले. बोटांचे ते एवढेएवढेसे तुकडे कडेनं वळले. ६ सेंटीमीटरचा हात साडेसहा भरला. चिखलकाल्याच्या दिवशी (आषाढात आमच्याकडे देवळापुढे चिखलात खेळतात तो उत्सव) देवळातून परत आले आणि कपाट उघडलं, तर तळव्यावर काळी बुरशी. महिनाभराचं काम होतं. मी दार लावून तिथंच बसून राहिले.

विचारायचं आहे ते हे. गोंद कुठला? कागद कुठला? जुलै-ऑगस्ट कसे काढायचे? आणि शिल्पकार कुणी असाल तर, बाहेरचं शास्त्र आणि आतलं सत्य एकमेकांत बसतं का?

---

खळ_आणि_दोरा (म्हापसा)

बाय, हात बिघडला तो पाण्यानं. गोंद कुठलाही घेतला असता तरी हेच झालं असतं. आमचा पुस्तकबांधणीचा धंदा, तीन पिढ्या. कागद भिजला की तंतू फुगतो, पण लांबीत फारसा नाही, जाडीत फुगतो. यंत्रावर कागद बनतो तेव्हा बहुतेक तंतू एकाच दिशेला पडतात, म्हणून भिजलेला ताव एका बाजूनं जास्त वाढतो, दुसरीकडून कमी. आम्ही त्याला कागदाची धार म्हणतो. तुम्ही ६०० तुकडे कापताना धार सांभाळली नसणार. एक उभा, एक आडवा, दोघं वेगवेगळीकडे ओढतात आणि मधला गोंद दोघांना सोडत नाही. मग लाटा येणारच.

धार ओळखायला चौकोनी तुकडा घ्या, एका बाजूनं ओला बोळा फिरवा. तो नळीसारखा वळेल. नळीची लांबी ज्या दिशेला, तीच धार. ए-फोरच्या रिमात ती बहुधा लांब बाजूनं असते, पण प्रत्येक रीम तपासा.

उंची वाढली त्याचं कारण वेगळं. तंतू कागदात आडवे निजलेले असतात, म्हणून सगळ्यात जास्त फुगवटा जाडीत. समजा ५४ सेंटीमीटरचा गठ्ठा दोनच टक्के फुगला, तरी मूर्ती सेंटीमीटरभर वाढली. गोंदानं जखडलेली असेल तर कुठंतरी फाटेल.

जुने लोक तुम्हाला सांगतील की खळीत मोरचूद घाला, कीड लागत नाही. कीड लागत नाही हे खरं. पण मोरचूद म्हणजे तांबं, आणि तांबं कागदाला वर्षानुवर्षं आतून जाळतं. आजोबांनी बांधलेल्या वह्यांचे सांधे आज बोट लावलं की तुटतात, ते मी रोज बघतो. शिवाय विष आहे. घालू नका.

आता माझं मत. चिकटवता कशाला? पोथी करा. ताडपत्राला भोक पाडून दोरा ओवत होते, खाली-वर लाकडी फळ्या. ग्रंथ या शब्दातच गाठ आहे. तुमच्या प्रत्येक कागदाला एकाच जागी भोक पाडा आणि पितळेच्या सळीवर ओवत जा. खाली पाट, वर वायसर आणि नट. पावसात नट अर्धा फेर सैल करायचा, दिवाळीनंतर आवळायचा. पाणी नाही, गोंद नाही, लाटा नाहीत. आणि कुणाला आतलं बघायचं असेल तर वरचे कागद उचलून बघता येईल. चिकटवलेल्या मूर्तीच्या आत तुम्ही हृदय घातलं आहे हे तुमच्याशिवाय कोण बघणार होतं?

छपाई करणार असाल तर घरच्या साध्या इंकजेटवर नको, ती शाई दमट हवेत पसरते. लेझरवर काढा. कागद आम्लमुक्त घ्या.

---

हाडांचा_मास्तर (फोंडा)

ताई, शरीररचना शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. तुमचा प्रश्न तीनदा वाचला. आधी एक चूक दाखवतो, रागावू नका. सीटीचा ५ मिलिमीटरचा काप हा खऱ्या माणसाचा. तुमचं अंगुळ ५ मिलिमीटर आहे ते लहान केलेल्या मूर्तीचं. १०८ अंगुळांत खरी बाई बसवायची तर अंगुळ दीड सेंटीमीटर धरा, उंची १६२. म्हणजे तुमची मूर्ती एक तृतीयांश. ५ मिलिमीटरचा काप तिथं पावणेदोन मिलिमीटरहून थोडा कमी होईल, सतराएक कागद. एका अंगुळात तीन काप.

पण ही चूक झाली ते बरं झालं, कारण हिशेब करता करता मला दुसरंच काही सापडलं. रुग्णांचे स्कॅन तुम्ही वापरणार नाहीच, ते योग्यही नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयानं देहदान केलेल्या एका पुरुषाचं आणि एका स्त्रीचं गोठवलेलं शरीर टोकापासून टोकापर्यंत छेदून प्रत्येक छेदाचं छायाचित्र काढलं आहे. पुरुष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला, छेद १ मिलिमीटरचे. स्त्री १९९५ मध्ये, छेद ०.३३ मिलिमीटरचे, एकूण ५,१८९. चित्रं आता सगळ्यांना मोफत वापरता येतात.

०.३३ चा एक तृतीयांश करा. ०.११ मिलिमीटर. जवळजवळ तुमच्या ८० जीएसएमच्या एका कागदाची जाडी!

एक छेद, एक कागद. काहीही गाळायचं नाही, मधलं काही कल्पनेनं भरायचं नाही. मी पाटीवर हे लिहून अर्धा तास नुसता बघत होतो.

कागदातून शरीर शिकवण्याची परंपरा जुनी आहे, हेही सांगावंसं वाटतं. फ्रान्सचा डॉक्टर ओझू, १७९७ चा जन्म. विद्यार्थी असताना त्याला प्रेतं मिळेनात, मिळाली तर कुजायची. मेणाच्या प्रतिकृती महाग, आणि हाताळल्या की मोडायच्या. त्यानं कागदाचा लगदा, खळ, खडूची भुकटी आणि बुचाची भुकटी यांचं मिश्रण साच्यात दाबलं आणि १८२० च्या दशकापासून माणसाचे असे नमुने केले की एकेक अवयव काढून हातात घेता यावा. गावाकडे कारखाना काढला. हे नमुने जगभरच्या शाळांत गेले. बांधणीवाले भाऊ म्हणतात तशी उघडणारी मूर्ती केलीत तर तुम्ही त्याच ओळीत बसाल.

अडचण एकच. ती बाई उताणी निजलेली आहे, सरळ. त्रिभंगात कंबर वाकते, मान कलते. आडवे छेद त्यात बसणार नाहीत, तिरके घ्यावे लागतील, आणि तिरके घेतले की एक छेद, एक कागद हे गेलं.

आणि एक. ती ५९ वर्षांची होती.

---

पणजीकर_९१

एवढा खटाटोप करण्यापेक्षा थ्रीडी प्रिंट काढा ना. पारदर्शक रेझिनमध्ये आतलं सगळं दिसेल, दोन दिवसांत काम होईल, पावसाचीही भीती नाही.

---

सीटीवाली_माशेल

पणजीकर, सूचनेबद्दल आभार. तसं करता येईल, मला ठाऊक आहे. पण मला ते शरीर हातानं परत एकदा ओलांडायचं आहे. नोकरीत एका रुग्णाचे शेकडो काप काही सेकंदांत निघायचे, आणि बाहेर पुढचा रुग्ण थांबलेला असायचा. कुणाच्याही शरीरापाशी मला थांबता आलं नाही. एका कागदाभोवती कात्री फिरवायला मला तीन-चार मिनिटं लागतात. तेवढा वेळ मला त्या एका छेदाला द्यायचा आहे.

मास्तर, रागावू कशाला? मी मापाची इतकी वर्षं काम केलेली बाई, आणि ही चूक माझ्या लक्षात यायला हवी होती. पण तुमच्या ०.११ नंतर मीही उठून अंगणात फेऱ्या मारल्या. ५९ चं वाचून जरा थांबले. मी ६१ ची आहे.

---

ब्रह्मसूत्र (डिचोली)

दगडात आणि लाकडात काम करतो, शिकलो पणजीला, अल्तिनोच्या कला महाविद्यालयात. तुमच्या शेवटच्या प्रश्नापुरतं बोलतो.

नवतालाची वाटणी आधी नीट लिहून घ्या. चेहरा केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंत १२, गळा ४, गळ्यापासून छातीपर्यंत १२, छाती ते बेंबी १२, बेंबी ते जांघ १२, मांडी २४, गुडघा ४, पोटरी २४, घोट्याखालचं पाऊल ४. बेरीज १०८. ग्रंथागणिक थोडा फरक पडतो, पण हे धरून चाला. म्हणजे केसांचा भाग याच्या वर, वेगळा. त्याला ४ अंगुळं ठेवा. तुमचे कागद ५,४०० नव्हेत, ५,६००.

आता बघा, पायांची बेरीज ५६. केसांसकट ११२ च्या बरोबर अर्धी. बहुतेक माणसांचे पाय इतके लांब नसतात. शास्त्रातली मूर्ती माणसापेक्षा उंच पायांची असते, म्हणून गाभाऱ्यात खालून बघताना ती भव्य वाटते. मास्तरांच्या ५,१८९ छेदांत आणि तुमच्या ५,६०० कागदांत जो फरक आहे तो सगळीकडे सारखा वाटायचा नाही. तो बराचसा पायांत जाईल. तिथं काही छेद दोनदा घ्यावे लागतील, धडात थोडे गाळावे लागतील. मला वाटतं हे लपवू नका. जो छेद दोनदा घ्याल त्याच्या कडेला बारीक खूण करा. मूर्ती उलगडणाऱ्याला कळू दे की इथं शास्त्रानं माणसाला लांब केलं.

त्रिभंग सोडा. वाईट वाटेल, मलाही वाटलं. पण समभंग, म्हणजे दोन्ही पायांवर सारखा भार देऊन सरळ उभी, घेतलीत तर सगळं जुळतं. आमच्याकडे मूर्ती आखताना डोक्यापासून पायांपर्यंत ओळंब्याची जी रेघ धरतात तिला ब्रह्मसूत्र म्हणतात, मी नाव तेच घेतलं आहे. समभंगात ती बरोबर मधून जाते. बांधणीवाल्यांची पितळी सळी तिथंच घाला. जांघेच्या खाली ती दोन पायांच्या मध्ये मोकळी पडेल, तिथं वस्त्राचा सोगा द्या. निऱ्यांच्या त्या पट्ट्यात सळी लपेल आणि दोन्ही पाय त्याला जोडलेले राहतील.

हातांचं काय कराल? दंडापासून खाली प्रत्येक कागदात धड वेगळं आणि हात वेगळा, बेटासारखा. सळीवर ओवणार कसा? पाथरवट अशा जागी दगड पूर्ण काढत नाही. हात आणि मांडी यांच्यामध्ये दगडाचा पडदा ठेवतो, नाहीतर पहिल्याच धक्क्याला मनगट जाईल. जुन्या मूर्ती मागून बघा, सापडेल. तुम्ही तिथं कागदाचा पडदा ठेवा. पांढराच, न रंगवता.

वयाबद्दल. आमच्या शिल्पातली स्त्री बहुधा सोळा वर्षांची. सहसा म्हातारी होत नाही. तुमच्या मूर्तीच्या आत ५९ वर्षांची बाई असेल. बाहेरची रेषा कुणाची घ्यायची हे तुम्हाला ठरवावं लागेल, आणि तो शास्त्राचा प्रश्न नाही, तुमचा आहे.

---

पेडण्याची_सून

मला शिल्पातलं काही कळत नाही, पण पावसाचं कळतं. आमच्या सासरी कागदावर काढलेला गणपती पुजतात. पोर्तुगिजांच्या काळात मूर्ती ठेवणं जिवावरचं होतं, तेव्हापासूनची रीत, असं सासूबाई सांगायच्या. तो कागद वर्षभर फणसाच्या लाकडाच्या पेटीत असतो, धुतलेल्या जुन्या लुगड्यात, सोबत वेखंडाचे तुकडे. दर आश्विनात ऊन दाखवायचं, पण सावलीतलं ऊन, थेट नाही. वेखंड दरवर्षी नवं. माझ्या देखत चाळीस वर्षांत कसर लागलेली नाही.

बुरशीसाठी मात्र वेखंड पुरत नाही. त्याला कपाटात बल्ब लावा, आपण कपड्यांना लावतो तसा. माझा मुलगा भौतिकशास्त्र शिकवतो, त्यानं समजावलं: २७ अंशांवर ९० टक्के दमट असलेली हवा ३२ अंशांपर्यंत तापवली की तीच हवा साधारण ६७ टक्के होते. हवेतली वाफ तेवढीच राहते, पण गरम हवेची ती पेलायची ताकद वाढते. आणि बुरशी साधारण सत्तरच्या खाली गेलं की वाढायची थांबते. बल्ब कागदापासून हातभर लांब, आणि वरखाली जाळी ठेवून हवा खेळती. वीज गेली तर कपाट उघडू नका.

ताई, हात टाकून देऊ नका हो.

---

सीटीवाली_माशेल

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे लिहिलं नाही, कारण करून बघत होते.

गळा केला. ४ अंगुळं, २०० कागद, सगळ्यांची धार एका बाजूला, मधून पितळेची सळी, गोंदाचा थेंबही नाही. बल्बच्या कपाटात व्हर्नियरनं मोजला तर २०.० मिलिमीटर. मुद्दाम तीन दिवस ओसरीवर पावसाच्या हवेत ठेवला, २०.४ झाला. परत कपाटात, दोन दिवसांनी २०.१. लाट एकही नाही. बांधणीवाले भाऊ, नट अर्धा फेर सैल करायचा हे तुमचं अगदी बरोबर निघालं. पहिल्यांदा आवळूनच ठेवला होता तर मधले कागद कडेनं जरा फुगले होते.

गळा निवडला तो लहान आहे म्हणून, पण उघडला आणि मग कळलं की काय निवडलं. वरचे शंभर कागद उचलले की समोर श्वासनलिका, तिच्या मागे अन्ननलिका, दोन्ही बाजूंना मोठ्या रक्तवाहिन्या, मागे मणका. रुपयाहून थोडी मोठी जागा. आणि कागद मिटले की बाहेरून शंखासारख्या गळ्याची ती शास्त्रातली गोलाई. सळी मणक्याच्या जरा पुढून जाते, अन्ननलिका थोडी बाजूला घ्यावी लागली. तेवढी एक जागा मी शरीराला फसवलं आहे आणि तिथं ब्रह्मसूत्रकारांनी सांगितली तशी खूण केली आहे.

एक गोष्ट माझ्याकडून सांगते, पुढे कुणी सीटीच्या चित्रांवरून असं करणार असेल तर उपयोगी पडेल. सीटीचं चित्र पायांकडून बघितल्यासारखं असतं, माणसाची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला. आपण कागद रचतो तो वरून बघतो. छापताना चित्र आरशातल्यासारखं उलटं केलं नाही तर मूर्तीचं हृदय उजवीकडे जाईल. मास्तरांनी सांगितलेली छायाचित्रं कुठल्या बाजूनं काढली आहेत ते प्रत्येक वेळी यकृत बघून ठरवते आहे. यकृत उजवीकडे, मग पुढे जायचं.

त्रिभंग सोडला. दोन दिवस वाईट वाटलं. मग मार्दोळला जाऊन आले, तिथून माशेलला येईपर्यंत बसमध्ये विचार केला. आईचं उभं राहणं आठवलं, दारात, दोन्ही पाय जमिनीवर, हात खाली सोडलेले, आम्ही शाळेतून यायची वाट बघत. ते समभंगच होतं.

आणि बाहेरची रेषा. चेहरा, गळा, पाय शास्त्राचे ठेवते. पण गळ्याच्या खालून जांघेपर्यंत ३६ अंगुळं, १,८०० कागद, तिथं मी त्या बाईचीच रेषा घेणार आहे. तिचं पोट जसं सैल आहे तसं. मी हजारो बायका त्या टेबलावर झोपवल्या आहेत, पन्नाशीच्या, साठीच्या. गाऊन नीट करून घेताना त्या हमखास पोटावर हात ठेवायच्या, लाज वाटल्यासारखा, आणि मला तो हात बाजूला करायला सांगावं लागायचं. या मूर्तीचे हात खाली सोडलेले आहेत.

रोज २० कागद धरले तर २८० दिवस. गणपतीची चवथ झाली की सुरू करते, म्हणजे पुढचा पाऊस लागायच्या सुमारास सळीवर शेवटचा नट बसेल. बाबा मूर्ती नेहमी पाटापासून वर चढवायचे, मीही पायांपासून वर जाणार. पहिला कागद तळपायाचा. तो बिघडलेला हात टाकलेला नाही, बुरशी ब्रशनं झाडून वेखंडासोबत पेटीत आहे.

ब्रह्मसूत्रकार, आता एक काम तुमच्याकडे. सोग्याच्या निऱ्या मला जमत नाहीत. ६० अंगुळं खाली सरळ पडणाऱ्या, सळी झाकतील एवढ्या जाड, पण जड दिसायला नकोत. एखादा नमुना काढून टाकाल का इथं? चवथीच्या आधी मिळाला तर बरं.

---

ब्रह्मसूत्र (डिचोली)

६० नको, ५६ च. जांघेपासून खाली तेवढीच आहेत. रविवारी काढून टाकतो.